ऑगस्टची मोजणी, जानेवारीचा ऊस

(अभियंता दिनी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्मरणार्थ अहिल्यानगर येथे दिलेले व्याख्यान)



आज १५ सप्टेंबर. पाऊस अजून सरलेला नाही आणि सहा-सात आठवड्यांत आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांचे बॉयलर पेटतील. मधल्या या दिवसांत रस्त्याने येता-जाता एक दृश्य तुम्ही नेहमी बघता. चार-पाच मजूर, खडीचा ढीग, डांबराचं पिंप, आणि खड्डे बुजवण्याची घाई. ऊस सुरू व्हायच्या आत रस्ता चालता करायचा असतो. सरकारी नोकरीतली माझी पस्तीस वर्षं या घाईत गेली. आज मात्र खड्डा कसा बुजवावा यावर मी बोलणार नाही. तो खड्डा पडण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी कुणीतरी एका कागदावर एक आकडा लिहिलेला असतो. या रस्त्यावरून किती ओझं जाणार आहे, त्याचा आकडा. आज त्या आकड्याबद्दल बोलायचं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे सगळ्यांना माहीत असतात. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. दख्खनच्या कालव्यांवर उसाने पाणी ओढून घेतलं की खालच्या शेतकऱ्याचं ज्वारी-बाजरीचं पीक कोरडं राही. त्यावर त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. गटातल्या ठरावीक भागातच ऊस, बाकीच्यात दुसरी पिकं, आणि पाळीपाळीने बदल. कालव्यात पाणी किती सोडायचं हे ठरवण्याआधी ते कोण घेणार, कोणत्या महिन्यात घेणार आणि किती घेणार हे त्यांनी मांडून घेतलं. रस्त्याच्या कामात आपण नेमकं हेच करत नाही. खडी, डांबर, मुरूम यांची चाचणी घेतो. रस्त्यावर येणारं ओझं मात्र अंदाजाने लिहून टाकतो.

तुमच्यातले बरेचजण अभियंते नाहीत, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

डांबरी रस्ता म्हणजे वरचा काळा थर नव्हे. खाली माती, तिच्यावर मुरूम, त्यावर खडीचे थर, आणि सगळ्यात वर डांबर. चाकाचा भार वरून खाली पसरत जातो. थर पुरेसे जाड असतील तर मातीपर्यंत पोचेस्तोवर तो तिला सोसेल इतका हलका होतो. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखालची आपली काळी जमीन पाणी प्याली की लोण्यासारखी होते. मातीची ताकद आम्ही सीबीआर नावाच्या चाचणीने मोजतो. चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचा आकडा दोन-तीन टक्क्यांवर येतो. प्रत्येक जड चाकागणिक वरचं डांबर किंचित वाकतं आणि खालची माती किंचित दबते. लाखो वेळा वाकलं की डांबराला तडे जातात. लाखो वेळा दबली की मातीत चाकोरी पडते. चाकोरी हा शब्द आपण आता आयुष्याबद्दल बोलताना वापरतो, पण रस्ता मोजणाऱ्याला ती पट्टीने मोजता येते. चाकोरी २० मिलिमीटर खोल झाली की आमच्या हिशेबात तो रस्ता संपला.

म्हणजे रस्त्याचं आयुष्य वर्षांत मोजायचं नसतं, चाकांत मोजायचं असतं. आणि सगळी चाकं सारखी नसतात.

हे जगाला नीट कळलं ते अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं तिथे खास बांधलेल्या वळशांवर सैनिकांनी ट्रक फिरवले. प्रत्येक वळशावर वेगळ्या वजनाचे ट्रक, वेगवेगळ्या जाडीचे शेकडो तुकडे, आणि शेवटी ११ लाख १४ हजार आसांच्या फेऱ्या. आस म्हणजे ज्याला आपले ड्रायव्हर ॲक्सल म्हणतात तो. त्या चाचणीतून निघालेला निष्कर्ष आजही जगभर वापरला जातो. आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होतं. चौथा घात. चार चाकांच्या ८.१६ टनांच्या आसाला प्रमाण धरतात, आणि बाकी प्रत्येक आस तशा किती आसांइतकं नुकसान करतो ते मांडतात.

या चौथ्या घाताने काय होतं ते शिर्डीच्या रस्त्यावर बघा. सुटीच्या दिवशी तिथे मोटारींची रांग संपत नाही आणि खड्ड्यांना सगळ्यात जास्त शिव्या त्या मोटारवालेच घालतात. पण मोटारीच्या एका आसावर जेमतेम ७०० किलो भार. एका प्रमाण आसाइतकं नुकसान करायला असे सुमारे अठरा हजार आस लागतात, म्हणजे नऊ हजारांवर मोटारी. नगर-मनमाड रस्ता राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी, कोपरगाव असा जातो. त्याची चाळण होते ती उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मालट्रकांनी, वाळू-खडीच्या डंपरांनी आणि उसाने. भाविकांच्या मोटारींनी नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रवरेच्या लाभक्षेत्रातला एक जिल्हा रस्ता माझ्याकडे आला. त्याचं आणि तो ज्या कारखान्याकडे जातो त्याचं नाव सांगत नाही. अंदाजपत्रक वेळेत जायला हवं होतं, म्हणून मोजणी ऑगस्टमध्ये घेतली. बाभळीखाली पोत्यावर दोन मुलं बसवली. एक ट्रक गेला की एक उभी रेघ, पाचवा गेला की आडवी. एसटी, दुधाचे टँकर, थोडे मालट्रक. सात दिवसांची सरासरी काढली, दरवर्षी पाच टक्के वाढ धरली, जाडी ठरवली, काम करून घेतलं. काम चांगलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. खडी चांगली होती, डांबर मोजून टाकलेलं होतं, रोलर पुरेसा फिरला होता.

चौथ्या हंगामात रस्ता बसला. आणि तोही अर्धाच.

तिथल्या एका शेतकऱ्याने मला रस्त्यावर उभं केलं आणि म्हणाला, "साहेब, जाणारी बाजू बसलीय, येणारी शाबूत आहे. कसं काय?" मी बघितलं. कारखान्याकडे जाणाऱ्या बाजूला दोन्ही चाकांच्या जागी हात बुडेल अशा चाकोऱ्या, आणि मधे मगरीच्या पाठीसारखे तडे. परतीच्या बाजूला एकही तडा नव्हता. तीच खडी, तेच डांबर, तोच रोलर, तोच पाऊस. एका बाजूने भरलेल्या ट्रॉल्या जात होत्या आणि दुसऱ्या बाजूने रिकाम्या येत होत्या, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी मला माझ्या चुका एकाखाली एक दिसत गेल्या.

पहिली हंगामाची. ऑगस्टमध्ये कारखाना बंद असतो. तेव्हा उसाचा एकही टायर रस्त्यावर नसतो. खरं तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या गणना-नियमांत लिहून ठेवलंय की वर्षातून निदान दोनदा मोजा, एकदा सुगी-बाजाराच्या भरात आणि एकदा मंदीत, प्रत्येक वेळी सलग सात दिवस. तो नियम मला माहीत होता. अंदाजपत्रकाची तारीख त्याहून मोठी वाटली.

किती फरक पडतो ते एका कल्पित रस्त्यावर मांडू, म्हणजे कुणाच्या रस्त्यावर बोट नको. समजा ऑगस्टमध्ये कारखान्याच्या दिशेने रोज २०० जड वाहनं जातात आणि प्रत्येक वाहन सरासरी अडीच प्रमाण आसांइतकं नुकसान करतं. दिवसाला ५०० आस, वर्षाला १ लाख ८२ हजार ५००. पाच टक्के वाढीने पंधरा वर्षांत साधारण ३९ लाख आस. या आकड्यावर रस्ता बांधला. पण हंगामाचे १५० दिवस त्यावरून रोज उसाची १५० भरलेली वाहनं जातात आणि एकेक वाहन सहा आसांइतकं नुकसान करतं. ते १ लाख ३५ हजार वेगळे. पहिल्याच वर्षाचा खरा आकडा ३ लाख १७ हजार ५००. म्हणजे पंधरा वर्षांसाठी बांधलेला रस्ता दहा वर्षांच्या आत संपतो, तेही सगळं काम निर्दोष झालं असेल तर.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. जानेवारीतल्या भरात मोजणी घेऊन ती वर्षभर तशीच असते असं धरलं तर आकडा ५ लाखांवर जातो. रस्ता वीस वर्षं टिकेल असा जाड होतो, आणि शेजारच्या वस्तीचा रस्ता त्या पैशांअभावी मातीचाच राहतो. ओझ्याचा अंदाज मुद्दाम जास्त धरला म्हणजे आपण सुरक्षित, असं तरुण अभियंत्यांना वाटतं. मला ते पटत नाही. जिल्ह्याचा पैसा मर्यादित आहे.

ग्रामीण रस्त्यांसाठी २००७ मध्ये आलेल्या मार्गदर्शिकेत सुगीच्या वाहतुकीसाठी वेगळं सूत्र दिलंय. वाहतूक हळूहळू वाढते, शिखरावर जाते, ओसरते, असं त्यात गृहीत आहे. गहू-हरभऱ्याच्या गावाला ते शोभतं. ऊस असा येत नाही. कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते, गव्हाणीत रोज तेवढा ऊस पडायलाच हवा, म्हणून बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, वाहतूक जवळजवळ सपाट चालते, रात्रंदिवस. माझी मोजणारी मुलं संध्याकाळी सातला घरी जात. उसाच्या निम्म्याहून जास्त ट्रॉल्या रात्रीच्याच, हे मी पुढे स्वतः बसून पाहिलं.

दुसरी चूक दिशेची. दुपदरी रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहनं मिळून किती भाग हिशेबात घ्यायचा याबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेचं मत बदलत आलंय. २००१ च्या आवृत्तीत ७५ टक्के घ्यायचे होते, २०१२ मध्ये ते ५० टक्के झाले. ७५ टक्क्यांत जी काही मोकळीक होती ती एकदम गेली. त्याबरोबर एक अट आली की ज्या दिशेच्या वाहनांचं वजन जास्त, तिचा गुणांक, म्हणजे दर वाहनी प्रमाण आसांचा आकडा, घ्यावा. अट योग्य आहे. पण ती पाळायला दोन्ही दिशांचं वजन वेगवेगळं करावं लागतं, आणि दोन्हींची सरासरी घेऊन मोकळं होणं सोपं जातं. उसाच्या रस्त्यावर भरलेली बाजू आणि रिकामी बाजू यांची सरासरी काढणं म्हणजे एक पाय विस्तवात आणि एक बर्फात ठेवून सरासरी ऊब बरी आहे म्हणण्यासारखं आहे.

तिसरी चूक वजनाची, आणि तिच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे.

याच मार्गदर्शिकेच्या १९७० च्या पहिल्या आवृत्तीत रोजची वाहनं मोजायची आणि तेवढ्यावर जाडी ठरवायची. १९८४ मध्ये संख्येऐवजी प्रमाण आसांची बेरीज आली. हा बदल मोठा होता. पण त्यासाठी प्रत्येक वाहनाचं वजन लागतं, आणि वजन करायला यंत्र आणि माणसं लागतात. ते नसेल तर वापरायला एक तयार तक्ता आहे. सपाट प्रदेशात रोज दीडशेपर्यंत जड वाहनं असतील तर दर वाहनी १.७ प्रमाण आस, दीडशे ते दीड हजार असतील तर ३.९, त्यापुढे ५. हे आकडे २०१८ च्या आवृत्तीतले. तक्ता अडचणीच्या वेळेसाठी होता. तोच नेहमीचा झाला. दुधाचे टँकर जाणारा अकोले तालुक्यातला रस्ता आणि वाळूचे डंपर जाणारा नेवाशातला रस्ता, दोघांनाही तोच ३.९ लागतो. आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला पुष्कळदा "शेतीचं वाहन" म्हणून जड वाहनांच्या रकान्यात जागाच मिळत नाही.

ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांचा हिशेब करून बघा. ट्रॉलीचं स्वतःचं वजन तीन टन धरा, ऊस दहा टन. तेरा टन दोन आसांवर, म्हणजे आसाला साडेसहा टन. आता त्याच ट्रॉलीत बारा टन भरा. आसाला साडेसात टन. ऊस वीस टक्के वाढला आणि रस्त्याचं नुकसान ७७ टक्के. खेपा कमी झाल्या हे धरलं तरी प्रत्येक टन उसामागे नुकसान जवळजवळ दीडपट. त्यात ट्रॉलीला प्रत्येक बाजूला एकेकच टायर असतो. अशा आसाचं प्रमाण ८ टनांचं नाही, साडेसहा टनांच्या आसपासचं मानतात, कारण तेवढाच भार कमी जागेवर दाबतो.

यात ट्रॉलीवाल्याला दोष द्यायला मी तयार नाही. त्याला भाडं टनावर मिळतं. डिझेल खेपेवर जळतं. ऊसतोडणीच्या टोळीला दिलेली उचल फेडून घ्यायची असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि बीडकडून आलेल्या टोळ्या पहाटे चारला फडात असतात, मोळ्या बांधून ट्रॉलीवर चढवतात, आणि एखादी मोळी खाली ठेवून निघा असं त्यांना सांगायला कुणी येत नाही. पैसे टनावर ठरत राहतील तोवर ट्रॉलीही टनावरच भरली जाईल. रस्त्याची जाडी ठरवणाऱ्याने ही गोष्ट गृहीत धरून हिशेब करायला हवा. कायद्यातलं वजन धरून आखलेला रस्ता कायदा न मानणाऱ्या चाकाखाली जातो.

आणि कायदाही स्थिर नसतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहनांची कमाल वजनं वाढवली. मागच्या चार टायरांच्या एका आसाला आधी १०.२ टन चालत, आता ११.५ चालतात. साध्या दोन आसांच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेलं. वाहतूकदाराला हे सव्वाटनाचं गणित वाटतं, आसावर तेरा टक्के. चौथा घात लावला तर त्या आसाचं नुकसान ६२ टक्क्यांनी वाढतं. २०१५-१६ मध्ये वीस वर्षांसाठी म्हणून जे रस्ते बांधले, त्यांचं आयुष्य एका अधिसूचनेने खाली आलं. त्यांच्या फायलीत मात्र अजून जुनंच आयुष्य लिहिलेलं आहे.

वाढीच्या पाच टक्क्यांबद्दल फार बोलत नाही. ते आठ धरले तर पंधरा वर्षांची बेरीज सव्वापट होते, एवढं लक्षात असू द्या. आपल्याकडे तर वाढ टक्क्यांनी येतच नाही, उडीने येते. कारखान्याने गाळपक्षमता वाढवली, शेजारी आसवनी उभी राहिली, झोनबंदी उठल्यामुळे लांबच्या तालुक्यातला ऊस या रस्त्यावर आला, की एका वर्षात चित्र बदलतं.

पण त्याहून मोठा चढउतार आभाळाच्या हातात आहे. राज्यात २०१६-१७ च्या हंगामात दुष्काळामुळे साखर निघाली सुमारे ४२ लाख टन. २०२१-२२ मध्ये निघाली सुमारे १३७ लाख टन, तिपटीहून जास्त. पहिल्या हंगामात पुष्कळ कारखान्यांचे पट्टे फेब्रुवारी-मार्चलाच पडले. दुसऱ्यात ऊस संपता संपेना आणि गाळप जूनपर्यंत चाललं. एखाद्याने नियम काटेकोर पाळून, भर जानेवारीत, सात दिवस, रात्रीसकट मोजणी केली आणि ती जानेवारी २०१७ ची निघाली तर? आकडा खरा, मोजणी निर्दोष, आणि अंदाज तरीही चुकीचा. एका वर्षाची मोजणी हा उसाच्या जिल्ह्यात पुरेसा पुरावाच नाही, असं माझं ठाम मत झालंय.

२०२२ चा जून मला आठवतो. पहिला पाऊस पडून गेला होता आणि भरलेल्या ट्रॉल्या अजून येत होत्या. एरवी आपल्या रस्त्यांवर देवाने एक मेहेरबानी केलेली आहे: सगळ्यात जड ओझं कोरड्या दिवसांत येतं आणि माती भिजते तेव्हा कारखाने बंद असतात. इलिनॉयच्या चाचणीत पुष्कळ तुकडे वसंतात गेले, थिजलेली जमीन विरघळून मऊ झाली तेव्हा. आपला वसंत म्हणजे जून-जुलै. भिजलेल्या काळ्या मातीवरून गेलेली एक खेप फेब्रुवारीतल्या कित्येक खेपांना भारी पडते. वर्षाची बेरीज एकच असली तरी ती कोणत्या महिन्यात झाली यावर रस्ता टिकणं अवलंबून असतं, आणि आपल्या सूत्रांत महिन्याला जागाच नाही.

आता रस्ता कधी खराब होईल याचं भाकीत करणाऱ्या गणिताकडे येतो. जागतिक बँकेच्या पुढाकाराने केनिया, ब्राझील आणि भारतात १९७० नंतरच्या काळात झालेल्या अभ्यासांवर एचडीएम नावाची पद्धत उभी राहिली. तिच्यात पहिला तडा कधी जाईल हे आधी काढतात. मग तडे पसरतात, त्यांतून पाणी शिरतं, खड्डे पडतात, खडबडीतपणा वाढतो. साखळीच्या अगदी सुरुवातीला वर्षाचे प्रमाण आस बसलेले असतात. तिथला आकडा निम्मा लिहिला की पहिल्या तड्याची तारीख लांबते आणि तिच्यामागची प्रत्येक तारीख तिच्याबरोबर लांबते. कागदावर रस्ता धडधाकट असतो आणि जमिनीवर त्याला दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते. पहिल्या तड्याला वरून पातळ थर दिला तर काम भागतं. पाणी खाली मुरल्यावर खडीपासून उकरावं लागतं. दोन्हींच्या खर्चात किती अंतर आहे ते इथे बसलेल्या ठेकेदार मंडळींना विचारा.

याहून घातक गोष्ट पुढे होते. भाकीत आणि रस्ता जुळेना झाले की सूत्रातले गुणांक स्थानिक परिस्थितीप्रमाणे सुधारून घ्यायचे असतात. ही सोय चांगली आहे. पण ओझं मुळात कमी लिहिलेलं असेल तर गणित जुळवताना आपण माती वाईट ठरवतो, डांबर कमी प्रतीचं ठरवतो, पाऊस जास्त ठरवतो. आकडे जुळतात. दोषाचा धनी मात्र बदललेला असतो, आणि मग उपायही चुकतो. माझ्या त्या अर्ध्या बसलेल्या रस्त्याच्या अहवालात कारण म्हणून काळी माती लिहिली गेली. अहवालावर सही माझी होती. परतीच्या बाजूखाली तीच काळी माती होती, हे मला दिसलं होतं आणि तरी मी ती सही केली. इतक्या वर्षांनंतर ही गोष्ट चारचौघांत सांगतोय, कारण आज समोर बसलेल्या कनिष्ठ अभियंत्यांपैकी कुणाच्या तरी टेबलावर तसाच कागद असेल.

खरं ओझं आधी कळलं असतं तर रस्ता परवडला नसता का? परवडला असता. हे फार कमी लोकांना माहीत असतं. दुप्पट ओझ्यासाठी दुप्पट जाडी लागत नाही. बहुतेक वेळा एकूण जाडी दहा-पंधरा टक्के वाढवून भागतं. आधी कळलेलं ओझं स्वस्तात पेलता येतं.

ते कळावं कसं? आसांचं वजन करणारी यंत्रं महाग आहेत, रस्ता अडवावा लागतो, ड्रायव्हर आडवाटेने निघून जातात, ही सगळी रडगाणी मी नोकरीभर ऐकली आणि गायिलीही. पण एका गोष्टीकडे इतकी वर्षं माझं लक्ष गेलं नाही. या जिल्ह्यात जड वाहनांचं वजन रोज होतं. प्रत्येक खेपेचं होतं, भरलेलं आणि रिकामं दोन्ही, तारीख-वेळेसकट होतं आणि लिहून ठेवलं जातं. कारखान्याच्या काट्यावर.

प्रवरानगरला १९५०-५१ मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कारखान्याचा पहिला हंगाम झाला, तेव्हा ऊस बैलगाडीतून येत होता. तेव्हापासून आजवर जिल्ह्यातल्या कोणत्याही कारखान्यात ऊस वजन केल्याशिवाय गव्हाणीत गेलेला नाही, कारण त्या पावतीवर शेतकऱ्याचं बिल निघतं. काट्याच्या पावतीवर वाहनाचा प्रकार असतो, गाव असतं, गट असतो. गावावरून रस्ता कळतो. दुष्काळी हंगाम, भरघोस हंगाम, जूनपर्यंत लांबलेला हंगाम, सगळे त्या नोंदींत आहेत. ऑगस्टमध्ये बाभळीखाली पोत्यावर बसून जे कधीच कळलं नसतं, ते चार पावलांवरच्या खोलीत वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं, आणि आमच्यापैकी कुणी तिथे जाऊन ते मागितलं नाही.

त्यात एक अडचण आहे, ती सांगायला हवी. काटा पूर्ण वाहनाचं वजन देतो आणि आम्हाला आसाचं हवं असतं. पण त्याला तोड आहे. ट्रॉली काट्यावर चढताना पुढचा आस फलाटावर आला की क्षणभर थांबवायची, आकडा लिहायचा, मग दोन्ही आस, मग पुढचा उतरल्यावर मागचा एकटा. एका वाहनामागे दोन-तीन मिनिटं जास्त. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, एक ट्रॉली, दहा टायरचा ट्रक, टायरची बैलगाडी, अशा प्रत्येक प्रकाराची पन्नास-साठ वाहनं तोलली की एकूण वजनावरून आसाचं वजन काढायचं प्रमाण हाती येतं. मग मागच्या दहा हंगामांच्या पावत्या त्या प्रमाणात बसवायच्या. डिसेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा तोलावं, कारण हंगामाच्या शेवटी ऊस वाळतो आणि त्याच आकाराची मोळी हलकी होते.

काट्यापुढे गाड्यांची रांग असते, बैल ताटकळत असतात, त्या वेळी दोन-तीन मिनिटं मागणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहाटे तीन ते पाच ही वेळ बघा. तेव्हा रांग जरा विरळ असते. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला आधी भेटा, काट्यावरच्या कारकुनाला हे सगळं कशासाठी चाललंय ते समजावून सांगा. ही माणसं जन्मभर वजनं करत आलेली असतात. त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजतं.

हंगाम सुरू व्हायला सहा आठवडे आहेत. जिल्ह्यातल्या ज्या तरुण अभियंत्यांना एका रस्त्यापुरता हा हिशेब करून बघायचा असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावं. रकाने आखलेले कागद मी बरोबर आणले आहेत, आणि काट्यावरच्या पहिल्या रात्री मी स्वतः येऊन बसेन.